मुहर्रमची दहावी तारीख : आशूराच्या दिवशी खरोखर काय घडले?

मराठी वर्तमानपत्रांतून ‘दिनविशेष’ नावाचे एक छोटेसे सदर वर्षानुवर्षे येत आले आहे. अमुक तारखेस कोण जन्मले, कोण निवर्तले, कोणता तह झाला, कोणते राज्य बुडाले, अशी ती टिपणे. त्यांचा परस्परांशी काही संबंध नसतो आणि वाचणाराही तशी अपेक्षा ठेवीत नाही. इस्लामी वर्षात मात्र एक तारीख अशी आहे की जिच्याभोवती उपासना, कृतज्ञता, शोक, वाद आणि दंतकथा यांचे थरावर थर साचले आहेत. खालची मूळ जमीन कोणती हे पाहायचे तर थोडे खणावेच लागते. ती तारीख म्हणजे मुहर्रमची दहावी, यौमे आशूरा.

वाचकहो, या दिवसाकडे वळण्यापूर्वी दुसऱ्याच एका दिवसाची आठवण करून घेणे उपयुक्त ठरेल. हिजरी सन १० मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांचे तान्हे पुत्र इब्राहीम यांचे मदीना येथे निधन झाले आणि नेमके त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. खगोलगणितानुसार ते बहुधा २७ जानेवारी ६३२ रोजीचे ग्रहण होय. लोक म्हणू लागले की इब्राहीम यांच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. प्रेषितांनी (स.) दीर्घ नमाज अदा केली आणि नंतर लोकांना स्पष्ट सांगितले की सूर्य आणि चंद्र ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी दोन निशाण्या आहेत, कोणाच्या मरणामुळे वा जगण्यामुळे त्यांना ग्रहण लागत नाही. हा प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आला आहे. पुत्रवियोगाने व्याकूळ झालेल्या पित्याच्या दुःखाला लोकांनी आकाशाची साक्ष आणून दिली होती, आणि त्या पित्याने ती त्याच दिवशी परत केली. दोन घटना एका दिवशी घडल्या म्हणून त्यांच्यात कार्यकारणाचे नाते जोडू नये, हा धडा तेथे कायमचा घालून दिला गेला.

मग दिवसांना काहीच अर्थ नसतो काय? तसेही नाही. पवित्र कुरआनात वर्षाच्या बारा महिन्यांपैकी चार महिने आदरणीय ठरविले आहेत आणि मुहर्रम त्यांतील एक आहे. सूरह इब्राहीममध्ये हजरत मूसा (अ.) यांना आज्ञा झाली आहे की त्यांनी आपल्या लोकांना अल्लाहच्या दिवसांचे स्मरण करून द्यावे. भाष्यकारांनी या दिवसांचा अर्थ अल्लाहने केलेल्या उपकारांचे आणि घडविलेल्या निवाड्यांचे दिवस असा सांगितला आहे. म्हणजे दिवस स्वतः काही करीत नाही. त्या दिवशी जे झाले त्याची आठवण माणसाला काही करावयास लावते.

आता आशूराकडे येऊ. अरबीतील ‘अशरा’ म्हणजे दहा, त्यावरून हे नाव. या दिवसाचा मान प्रेषितांच्या (स.) आगमनापूर्वीही मक्केत होता. हजरत आयशा (रजि.) सांगतात की अज्ञानकाळात कुरैश या दिवशी रोजा ठेवीत, प्रेषितही (स.) ठेवीत, आणि याच दिवशी काबागृहावर नवे वस्त्र चढविले जाई. कुरैशांनी हा रोजा कोठून घेतला याविषयी विद्वानांनी अनेक तर्क केले आहेत, त्यांपैकी बऱ्याच जणांना तो हजरत इब्राहीम (अ.) यांच्या परंपरेचा अवशेष वाटतो. एवढे निश्चित की मूर्तिपूजेत बुडालेल्या त्या समाजातही वर्षातून एक दिवस उपाशी राहून काबागृहाचा सन्मान करण्याची रीत तग धरून होती.

हिजरतनंतर मदीनेत प्रेषितांना (स.) दिसले की तेथील यहुदीही या दिवशी उपवास करतात. विचारणा झाली तेव्हा उत्तर मिळाले की हा महान दिवस आहे, अल्लाहने या दिवशी मूसा (अ.) आणि बनी इस्राईल यांना वाचविले, फिरऔन व त्याच्या लोकांना बुडविले, आणि मूसांनी (अ.) कृतज्ञतेने रोजा ठेवला. यावर प्रेषितांनी (स.) म्हटले की मूसांवर आमचा हक्क तुमच्याहून अधिक आहे. त्यांनी स्वतः रोजा ठेवला आणि अनुयायांनाही तो ठेवण्यास सांगितले. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांची ही हदीस दोन्ही सहीह संग्रहांत आहे.

त्या सुटकेचे वर्णन कुरआनात अनेक ठिकाणी आले आहे. सूरह शुअरामधील चित्र सर्वांत जिवंत आहे. रात्रीच्या अंधारात आपल्या दासांना घेऊन निघण्याची आज्ञा मूसांना (अ.) होते. फिरऔन शहरोशहरी हरकारे धाडतो आणि हे मूठभर क्षुद्र लोक आपल्याला चीड आणत आहेत असे सांगून फौज गोळा करतो. सूर्योदयाच्या सुमारास पाठलाग करणारे जवळ येतात. दोन्ही जमाव एकमेकांना दिसू लागतात, तेव्हा मूसांचे (अ.) साथीदार हताश होऊन म्हणतात की आता आपण सापडलो. पुढे समुद्र, मागे रथ आणि भाले. त्यांचे म्हणणे व्यवहाराच्या दृष्टीने खरेच होते. परंतु मूसा (अ.) ठामपणे नकार देतात, माझा पालनकर्ता माझ्यासोबत आहे, तो वाट दाखवील, असे ते सांगतात. काठी समुद्रावर मारण्याची आज्ञा येते, पाणी दुभंगते आणि प्रत्येक भाग पर्वतासारखा उभा राहतो.

या प्रसंगातील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. वाट दिसण्यापूर्वी मूसांनी (अ.) ती दिसेल असे सांगितले होते. काठी मारण्याची आज्ञा त्यांच्या उद्गारानंतर आली आहे, आधी नव्हे. सूरह यूनुसमध्ये याच प्रसंगाची दुसरी बाजू येते. बुडताना फिरऔन ईमानची कबुली देतो आणि ती स्वीकारली जात नाही, कारण आयुष्यभर अवज्ञा केल्यानंतर, पाणी गळ्याशी आल्यावर ती आली होती. एकाने पाणी समोर असताना विश्वास व्यक्त केला, दुसऱ्याने पाणी डोक्यावरून गेल्यावर. अंतर काही घटकांचेच होते.

एवढ्या मोठ्या शत्रूचा नाश झाला, त्याची आठवण मेजवानीने न होता रोजाने व्हावी, हेही विचार करण्याजोगे आहे. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्या कथनानुसार खैबरचे यहुदी आशूराला रोजा ठेवीत, पण त्याबरोबरच ईदही मानीत आणि आपल्या स्त्रियांना दागिन्यांनी नटवीत. प्रेषितांनी (स.) आपल्या अनुयायांसाठी त्यांतून फक्त रोजा घेतला.

येथे चौकस वाचकाच्या मनात एक शंका येईल. प्रेषित (स.) मदीना येथे रबीउल अव्वल महिन्यात पोहोचले, आणि आशूरा तर मुहर्रममध्ये येते, मग पोहोचताच यहुदी रोजेदार दिसले कसे? ही शंका नवी नाही. इब्ने कय्यिम यांनी ‘जादुल मआद’मध्ये आणि इब्ने हजर यांनी बुखारीवरील भाष्यात तिचा परामर्श घेतला आहे. सरळ उत्तर असे की हदीसमधील ‘आले तेव्हा’ याचा अर्थ ‘त्याच दिवशी’ असा घेण्याचे कारण नाही. पुढचा मुहर्रम आला तेव्हा, म्हणजे हिजरी सन २ च्या प्रारंभी, ही गोष्ट घडली. दुसरे उत्तर यहुद्यांच्या कालगणनेकडे बोट दाखविते. त्यांचे महिने चांद्र असले तरी अधिक महिना धरून ते ऋतूंशी जुळवून घेतले जातात, जसे आपल्याकडे हिंदू पंचांगात होते. इस्लामी वर्षात अशी भर घालण्यास कुरआनाने मनाई केली आहे. त्यामुळे ते सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. यहुद्यांचा दहाव्या तारखेचा मोठा उपवास त्यांच्या तिश्री महिन्यात असतो, तर मिस्रमधील सुटकेचा सण निसान महिन्यात. अल-बीरूनीसारख्या गणितज्ञाने प्राचीन समाजांच्या कालगणनेवरील आपल्या ग्रंथात आशूरा आणि तिश्रीची दहावी यांच्या संबंधाची चर्चा केली आहे ती यामुळेच. आपल्या पूर्वसूरींना असे प्रश्न विचारण्याची भीती वाटत नव्हती, ही नोंद जाता जाता करून ठेवावीशी वाटते.

त्या पहिल्या आशूराच्या सकाळी मदीनेत काय झाले याचे एक हृद्य चित्र अन्सारांपैकी एका महिलेने, हजरत रुबय्यिअ बिन्ते मुअव्विज (रजि.) यांनी, आपल्यासाठी जपून ठेवले आहे. प्रेषितांनी (स.) अन्सारांच्या वस्त्यांतून निरोप धाडला की ज्याने रोजा ठेवला असेल त्याने तो पूर्ण करावा आणि ज्याने काही खाल्ले असेल त्याने दिवसाचा उरलेला भाग तरी न खाता काढावा. रुबय्यिअ (रजि.) सांगतात की त्यानंतर आम्ही हा रोजा ठेवीत असू आणि आमच्या मुलांनाही ठेवावयास लावीत असू. लोकरीची खेळणी करून ठेवीत असू. एखादे मूल भुकेने रडू लागले की त्याच्या हाती ते खेळणे देत असू, इफ्तारची वेळ होईपर्यंत. चौदा शतकांपूर्वीच्या घरातील आईची ही युक्ती वाचताना आजच्या अम्मीला आपलेच घर आठवावे. मुलाचे रडणे तिने अपराध मानले नाही, आणि त्याला धमकावलेही नाही.

त्याच वर्षी, हिजरी सन २ मध्ये, रमजानचे रोजे फर्ज झाले. त्यानंतर आशूराचा रोजा ऐच्छिक राहिला. ज्याला ठेवायचा त्याने ठेवावा. त्याचे पुण्य मात्र मोठे. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या हदीसनुसार हा रोजा मागील एका वर्षाच्या पापांचे क्षालन करील अशी आशा प्रेषितांनी (स.) अल्लाहकडे व्यक्त केली. विद्वानांनी येथे लहान चुका अभिप्रेत धरल्या आहेत. कोणाचा दडपलेला हक्क, बुडविलेले कर्ज किंवा तोडलेले नाते एका रोजाने मिटत नाही.

येथपर्यंतची जमीन पक्की आहे. आता थर पाहू.

दर मुहर्रमला आपल्या मोबाइलवर एक संदेश फिरतो. कधी मशिदीच्या फलकावरही तो दिसतो. त्यात यादी असते : आशूराच्या दिवशी आकाश आणि पृथ्वी निर्माण झाली, आदम (अ.) यांची तौबा स्वीकारली गेली, नूह (अ.) यांची नौका जूदी पर्वतावर टेकली, इब्राहीम (अ.) यांना अग्नीतून वाचविले गेले, यूसुफ (अ.) तुरुंगातून सुटले, यूनुस (अ.) माशाच्या पोटातून बाहेर आले, अय्यूब (अ.) बरे झाले, ईसा (अ.) वर उचलले गेले. यांतील घटनांविषयी शंका नाही; त्यांपैकी बहुतेकींना कुरआनाचीच साक्ष आहे. प्रश्न तारखेचा आहे. कुरआनाने यांपैकी एकाही घटनेची तारीख दिलेली नाही. नूह (अ.) यांच्या नौकेचा उल्लेख मुसनद अहमदमधील एका कथनात येतो, परंतु त्याची सनद दुर्बल आहे. आणि ज्या लांबलचक कथनांत सगळे पैगंबर एकाच दिवशी आणून बसविले आहेत, ती हिजरी सन ५९७ मध्ये निवर्तलेले बगदादचे इमाम इब्ने जौजी यांनी आपल्या ‘किताबुल मौजूआत’मध्ये, म्हणजे बनावट हदीसांच्या संग्रहात, दाखल केली आहेत.

कोणी म्हणेल, यात बिघडले काय? लोकांना चांगल्याच गोष्टी आठवतात. बिघडते ते असे की प्रेषितांच्या (स.) नावावर जे त्यांनी सांगितले नाही ते सांगणे हा किती मोठा अपराध आहे हे त्यांनी स्वतः बजावून ठेवले आहे, असे जाणूनबुजून करणाऱ्याने आपले ठिकाण आगीत शोधावे, इतक्या कठोर शब्दांत. शिवाय ज्या मुलाला आपण दहा गोष्टी सांगतो त्याला मोठेपणी नऊ निराधार निघाल्या की दहावीवरही त्याचा विश्वास राहत नाही. ग्रहणाच्या दिवशी प्रेषितांनी (स.) जी साक्ष परत केली, तीच आपण त्यांच्या नावाने पुन्हा गोळा करावी काय?

आशूराच्या इतिहासातील अखेरचे पान मात्र दंतकथा नाही. हिजरी सन ६१, मुहर्रमची दहावी. इसवी सनाप्रमाणे १० ऑक्टोबर ६८०. इराकमध्ये फुरात नदीजवळच्या करबला येथे प्रेषितांचे (स.) नातू हजरत हुसैन (रजि.) शहीद झाले.

अमीर मुआविया (रजि.) यांचे हिजरी सन ६० च्या रजब महिन्यात निधन झाले आणि यजीद सत्तेवर आला. खिलाफत बापाकडून मुलाकडे वारशाने जात होती. हजरत हुसैन (रजि.) बैअत न करता मदीनेहून मक्केस आले. कूफा येथून त्यांना पत्रांमागून पत्रे आली : या, आमचा कोणी इमाम नाही. त्यांनी चुलतबंधू मुस्लिम बिन अकील यांना पुढे पाठविले. हजारोंनी त्यांच्या हातावर शपथ घेतली. मग उबैदुल्लाह बिन जियाद कूफ्याचा सुभेदार होऊन आला, त्याने टोळ्यांच्या प्रमुखांना धाक आणि आमिष दाखविले, आणि पाहता पाहता हजारोंचे शेकडो झाले, शेकड्यांचे कोणी उरले नाही. मुस्लिम बिन अकील परक्या शहरात रात्री एकटे गल्ल्यांतून भटकत होते. तौआ नावाच्या एका वृद्धेने त्यांना पाणी दिले आणि घरात घेतले. ते पकडले जाऊन मारले गेले, त्याच सुमारास, काही कळायच्या आत, हजरत हुसैन (रजि.) मक्केहून निघाले होते. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी त्यांना जाऊ नका म्हणून विनविले होते. वाटेत कवी फरजदक भेटला आणि त्याने कूफ्याची स्थिती नेमकी सांगितली : लोकांची हृदये आपल्याबरोबर आहेत, तलवारी बनू उमय्यांबरोबर.

पुढे हुर्र बिन यजीद एक हजार स्वार घेऊन वाट अडवावयास आला. उन्हाने त्याचे लोक आणि घोडे कासावीस झाले होते. हजरत हुसैन (रजि.) यांनी आपल्याजवळचे पाणी त्या सर्वांना पाजले, घोड्यांनाही. जुहरची वेळ झाली तेव्हा अडविणाऱ्यांनी आणि अडविलेल्यांनी त्यांच्याच मागे एकत्र नमाज अदा केली. पाण्याचा हा प्रसंग ध्यानात ठेवावा, कारण मुहर्रमच्या सातव्या तारखेपासून याच हुसैन (रजि.) यांच्या तंबूंचे पाणी तोडण्यात आले.

दुसऱ्या तारखेला ते करबला येथे उतरले होते. तिसऱ्याला उमर बिन सअद चार हजारांची फौज घेऊन आला. हा इराणविजेते सहाबी हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांचा मुलगा. त्याला रै प्रांताची सुभेदारी मिळावयाची होती, आणि हे काम केल्याशिवाय ती मिळणार नव्हती. तो दुष्ट म्हणून प्रसिद्ध नव्हता. एका नेमणुकीच्या कागदासाठी तो तेथे उभा होता. नवव्या तारखेच्या संध्याकाळी हल्ल्याची तयारी झाली तेव्हा हजरत हुसैन (रजि.) यांनी एका रात्रीची मुदत मागितली, नमाज, दुआ आणि कुरआनपठणासाठी. त्या रात्री त्यांनी साथीदारांना मोकळे केले : शत्रूला मी हवा आहे, अंधाराचा आडोसा घ्या आणि निघून जा. कोणी गेले नाही.

सकाळी, तबरी यांनी अबू मिख्नफच्या कथनावरून दिल्याप्रमाणे, त्यांच्याकडे ३२ स्वार आणि ४० पायदळ होते. वाट अडविणारा हुर्र त्या सकाळी घोडा हाकीत त्यांच्या बाजूस आला, क्षमा मागितली आणि त्यांच्यासाठी लढत मारला गेला. दुपारी बाणांच्या वर्षावात जुहरची नमाज झाली. एकेक करून भाऊ, पुतणे, मुले पडली. मांडीवरचे तान्हे बाळसुद्धा बाणाने गेले. अखेरीस हजरत हुसैन (रजि.) स्वतः. वय सुमारे ५७ वर्षे. आजारी असल्यामुळे तंबूत पडून राहिलेले पुत्र अली, जे पुढे जैनुल आबिदीन म्हणून ओळखले गेले, तेवढे वाचले. कूफ्याच्या दरबारात इब्ने जियादने त्यांनाही मारण्याचा हुकूम दिला तेव्हा आत्या हजरत जैनब (रजि.) त्यांना बिलगल्या आणि याला मारायचे तर मलाही मारा, म्हणून उभ्या राहिल्या.

या कथेतही नंतर पुष्कळ भर पडली आहे, आणि ज्याला ती सांगायची आहे त्याने तेथेही हीच सावधगिरी बाळगावी. मूळ हकीकत इतकी पुरेशी आहे की तिला तिखटमिठाची गरज नाही.

यानंतर एक विचित्र गोष्ट घडली. हा दिवस राजवटींच्या हाती गेला. बगदादमध्ये हिजरी सन ३५२ साली बुवैही अमीर मुइज्जुद्दौला याने आशूराला बाजार बंद ठेवून सार्वजनिक शोकाचा हुकूम काढला. इजिप्तमध्ये फातिमी राजवट या दिवशी शोक पाळीत असे. ती जाऊन अय्यूबी आले तेव्हा, मकरीजी यांनी लिहिल्याप्रमाणे, तोच दिवस गोडधोडाचा आणि आनंदाचा करण्यात आला. आशूराला सुरमा घालावा, मेंदी लावावी, सणासारखे सजावे अशी जी कथने फिरतात, त्यांना इब्ने तैमिया यांनी करबलेच्या शोकाला शह म्हणून रचलेली ठरविले आहे. नातवाच्या हौतात्म्यादिवशी सुरमा घालून सजण्याची कल्पना प्रेषितांच्या (स.) नावावर खपवावी, याचा मनाला त्रास होतो. घरच्यांवर या दिवशी सढळ हाताने खर्च करावा, या कथनाविषयी मात्र मतभेद आहे. इमाम अहमद यांनी ते निराधार म्हटले, तर बैहकी यांना सर्व दुर्बल सनदा मिळून त्यास काही बळ येते असे वाटले.

बुखारीत एक छोटा प्रसंग आहे. इराकच्या एका माणसाने हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना विचारले की इहराममध्ये असताना माशी मारली तर काय प्रायश्चित्त? ते उद्गारले की इराकचे लोक माशीविषयी विचारतात, आणि प्रेषितांच्या (स.) कन्येचा पुत्र तर यांनीच मारला.

आता रोजाविषयी थोडे. आयुष्याच्या अखेरच्या वर्षी प्रेषितांनी (स.) म्हटले होते की पुढील वर्षापर्यंत हयात राहिलो तर नववा रोजाही ठेवीन, म्हणजे यहुद्यांहून वेगळेपण राहील. पुढचा मुहर्रम येण्यापूर्वी त्यांचे निधन झाले. म्हणून नववी आणि दहावी असे दोन रोजे ठेवणे उत्तम. नववा राहून गेल्यास दहावीबरोबर अकरावा ठेवण्यासही अनेक विद्वानांनी सांगितले आहे. आजारी, प्रवासी किंवा तान्ह्या बाळाच्या आईला जमले नाही तर त्याची कजा नाही. मुलांनी हट्टाने ठेवलाच आणि दुपारी चार वाजता कोणी रडू लागले, तर घरात लोकरीचे खेळणे नसेल, पण त्याच्याजवळ बसून मूसांची (अ.) आणि हुर्रच्या घोड्यांना पाजलेल्या पाण्याची गोष्ट सांगण्याइतका वेळ इफ्तारपूर्वी नक्की असतो.